पाच वाजले की नाना बिथरतात: ग्वाल्हेरमधल्या एका घराचं प्रकरण

हे प्रकरण कुठल्या एका कुटुंबाचं जसंच्या तसं नाही. ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागातल्या मराठी घरांत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते मांडलं आहे. औषधांची नावं आणि मात्रा समजण्यासाठी दिल्या आहेत; त्यावरून घरच्या घरी कुठलीही गोळी बंद किंवा चालू करू नये.

नाना, वय ७९, वजन ५८ किलो. महालेखाकार कार्यालयातून, म्हणजे ग्वाल्हेरकरांच्या एजी ऑफिसातून, निवृत्त. अल्झायमरचं निदान होऊन चार वर्षं झाली, आजार आता मध्यम टप्प्यात. कपडे घालायला मदत लागते, नातवंडांची नावं चुकतात. पण बायकोला ओळखतात आणि देवपूजेचा क्रम अजून हातांना पाठ आहे. मधुमेह, रक्तदाब, वाढलेलं प्रोस्टेट आणि झिजलेले गुडघे हे जुने सोबती. दौलतगंजातलं जुनं घर, मधे चौक. खाली नाना आणि त्यांची पत्नी, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या आई (वय ७४), वर मुलगा, सून आणि दोन नातवंडं. सकाळी सात ते संध्याकाळी सहा एक हिंदी बोलणारा मदतनीस असतो.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मुलगा डॉक्टरांकडे आला तो एवढंच मागायला: "नाना गेल्या दहा दिवसांत पार बदललेत. संध्याकाळी दाराशी ओढाताण, शिवीगाळ. परवा आईच्या हातावर काठी मारली. रात्रभर जागे. काहीतरी शांत करणारं औषध लिहून द्या."

आधी दहा दिवसांचा हिशोब

काठीपेक्षा हे दहा दिवस जास्त काळजीचे. अल्झायमर महिन्या-महिन्यानं वाढतो. दहा दिवसांत माणूस पार बदलला तर डिमेन्शियावर, म्हणजे मूळच्या स्मृतिभ्रंशावर, दुसरं काहीतरी चढलेलं असतं. जुनी माणसं ज्याला 'वात झाला' म्हणत, तो डेलिरियम, म्हणजे अचानक उडणारा बुद्धीचा गोंधळ, बहुतेक वेळा त्यामागे असतो. ओळखायच्या खुणा तीन. सुरुवात तासांत किंवा दिवसांत होते, दिवसभरात चढउतार असतो, आणि लक्ष टिकत नाही. नाना महिन्यापूर्वीपर्यंत आठवड्याचे वार उलटे म्हणत असत; आता 'रविवार, शनिवार' म्हणून थांबत होते, दुपारी बोलता बोलता पेंगत होते आणि रात्री दोनला टक्क जागे होते. आईंना वाटत होतं आजार वाढला. घरच्यांचं असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे, पण इथेच मौल्यवान दिवस निसटतात, कारण डेलिरियमचं कारण सापडलं तर तो बराच उतरतो.

पहिलं काम म्हणजे औषधांची पिशवी टेबलावर उलटी करणं. चिठ्ठीवरची औषधं नकोत, प्रत्यक्ष पोटात जाणाऱ्या सगळ्या पट्ट्या हव्यात. मेडिकलमधून तोंडी मागून आणलेल्या, शेजाऱ्यांनी सुचवलेल्या, आयुर्वेदिक, सगळ्या. नानांच्या पिशवीतून निघालेली साखळी अशी होती. ऑक्टोबरमध्ये अल्झायमरसाठीचं डोनेपेझिल ५ मिलिग्रॅमवरून १० केलं. या औषधानं काहींना लघवीची घाई होते, तशी ती झाली. नोव्हेंबरमध्ये दुसरीकडे दाखवलं तर तिथे लघवीची घाई कमी करणारं ऑक्सिब्युटिनिन ५ मिलिग्रॅम दोन वेळा मिळालं. डोनेपेझिल मेंदूतल्या ॲसिटिलकोलिन या स्मरणाला लागणाऱ्या रसायनाला टिकवून धरतं आणि ऑक्सिब्युटिनिन त्याच रसायनाची वाट अडवतं. एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं काढून घेतल्यासारखं. वर गोंधळ, कोरडं तोंड आणि बद्धकोष्ठ. डिसेंबरच्या थंडीत सर्दी झाली, तेव्हा दुकानातून आणलेल्या सर्दीच्या गोळ्या पाच दिवस, दिवसाला तीन. त्यांत क्लोरफेनिरामिन असतं, तेही ऑक्सिब्युटिनिनसारखं ॲसिटिलकोलिनची वाट अडवणारं. सोबतच्या फेनिलेफ्रिननं वाढलेल्या प्रोस्टेटच्या माणसाची लघवी आणखी अडते. झोप गेली म्हणून तीन आठवड्यांपासून क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम. प्रत्येक गोळी आधीच्या गोळीनं निर्माण केलेल्या तक्रारीसाठी आलेली होती, आणि प्रत्येक वेळी लिहून देणारा किंवा विकणारा माणूस वेगळा.

तपासणीत ताप नाही, छाती साफ, डोक्याला मार नाही. बेंबीखाली पोट ताठ. सोनोग्राफीत लघवी करून झाल्यावरही मूत्राशयात २८० मिलीलीटर उरलेली. पाच दिवस शौच नाही, गुदमार्गात कडक मळ. दोन्ही कानांत मळाचे बोळे. सोडियम १३३, म्हणजे किंचित कमी. साखर आणि क्रिएटिनिन ठीक. बी-१२ फक्त १६८ पिकोग्रॅम. वर्षानुवर्षं मधुमेहाचं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ उतरतं, म्हणून ते बघायलाच हवं. लघवीत पू-पेशी ४ ते ६. जळजळ नाही, ताप नाही. म्हणून अँटिबायोटिक दिलं नाही. म्हाताऱ्या माणसाच्या लघवीत जंतू सापडणं फार सर्रास आहे. लक्षणं नसताना त्यांच्यामागे लागलं की खरं कारण बाजूला राहतं आणि जुलाब मात्र लागतात.

नानांना सतत उठावंसं वाटत होतं, पायजम्याची नाडी ओढत होते, कुणी बसवलं की फटकारत होते. पोटात २८० मिलीलीटर लघवी आणि पाच दिवसांचा मळ घेऊन, ते सांगायला शब्द नसलेला कुठलाही माणूस हेच करील.

काय थांबवलं, कोणत्या क्रमानं

एरवी नियम असा की एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे कशामुळे काय झालं ते कळतं. इथे तेवढी सवड नव्हती. ऑक्सिब्युटिनिन आणि सर्दीच्या गोळ्या त्याच दिवशी बंद. शौचासाठी ग्लिसरिनची बत्ती, दुसऱ्या दिवशी एनिमा, मग रोज रात्री लॅक्टुलोज १५ मिलीलीटर. घरी इसबगोल चालू होतं, ते थांबवलं: पुरेसं पाणी पोटात जात नसेल तर इसबगोल आत घट्ट होऊन उलट अडथळा करतं, आणि थंडीत नाना दिवसाला जेमतेम तीन पेले पाणी पीत होते. कोमट पाणी, ताक, वरणाचं पाणी, सूप मिळून सव्वा ते दीड लीटर ठरवलं. त्यातलं बहुतेक संध्याकाळी पाचच्या आत. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांचा पाण्याचा आकडा डॉक्टरांना विचारूनच ठरवावा.

कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घातला नाही. गोंधळलेला माणूस तो ओढून काढतो, त्यातून रक्तस्राव आणि संसर्ग. त्याऐवजी दर तीन तासांनी कमोडवर बसवणं, लघवी झाल्यावर दोन मिनिटं थांबून पुन्हा प्रयत्न. आठवड्यानं, उभं राहिल्यावर रक्तदाब फार घसरत नाही हे पाहून, रात्री लघवीची वाट मोकळी करणारं टॅमसुलोसिन ०.४ मिलिग्रॅम. पाचव्या दिवशी डोनेपेझिल पुन्हा ५ वर आणलं आणि रात्रीऐवजी सकाळी. रात्री घेतल्यानं काहींना भडक स्वप्नं पडतात आणि झोप मोडते. क्लोनाझेपाम आठवडाभर ०.२५ करून मग बंद. महिनोन् महिने चाललेली असती तर उतरवायला याहून बराच वेळ लागला असता. अशी गोळी एकदम तोडली तर फिट येऊ शकते. कानांत चार दिवस थेंब आणि मग सफाई. बी-१२ची इंजेक्शनं.

दहाव्या दिवसापर्यंत दुपारचं पेंगणं गेलं, रात्री सलग पाच तास झोप लागू लागली. दोन आठवड्यांनी मूत्राशयात उरणारी लघवी ९० मिलीलीटर. वार पुन्हा उलटे म्हणता येऊ लागले, बुधवारपर्यंत.

पण पाचची वेळ तशीच राहिली. आंघोळीची मारामारीही. डेलिरियमखाली झाकलेला खुद्द डिमेन्शियाचा बिथरलेपणा आता स्वच्छ दिसू लागला.

स्वयंपाकघरातला कागद

ओट्याशेजारी खिळ्याला एक कागद टांगला, दोरीनं पेन्सिल बांधली. लिहायचं ते एवढंच: वेळ, आधीच्या अर्ध्या तासात घरात काय चाललं होतं, नानांनी नेमकं काय केलं आणि काय बोलले, जवळ कोण होतं, आपण काय केलं, किती वेळात शांत झाले. 'नाना चिडले' असं लिहायचं नाही, कारण त्यातून काहीच कळत नाही. 'काठी उचलली, दोनदा दारावर आपटली' असं लिहायचं. आणि चांगला गेलेला दिवसही लिहायचा. बहुतेक घरं इथेच कमी पडतात. आईंच्या अक्षरातल्या काही नोंदी:

सोम. ४.५०. टीव्हीवर बातम्या, कुकर लावलेला, मुलं क्लासहून आली. उठून दाराशी. "चला, उशीर झाला." मी म्हटलं, अहो, तुम्हाला रिटायर होऊन एकोणीस वर्षं झाली. काठी आपटली. पाऊण तास.

मंगळ. ५.१५. कपाटाच्या आरशासमोर. "हा कोण बसलाय?" मग ६ वाजता मदतनीस पिशवी घेऊन निघाला तसे त्याच्यामागे दाराकडे. धरलं तर ढकललं. तासभर.

बुध. ४.४०. लाइट गेली, टीव्ही बंद. सूनबाई शिरा घेऊन चौकात बसली होती त्यांच्याजवळ. ५ वाजता उठले, दोन फेऱ्या मारल्या, परत येऊन बसले. दहा मिनिटं.

गुरु. सकाळी ७.३०. आंघोळ. बनियन काढताना मदतनिसाला चापट.

तेरा दिवसांच्या कागदातून चार गोष्टी स्पष्ट झाल्या. पाच ही ऑफिस सुटायची वेळ. 'घरी जायचंय' म्हणजे त्यांच्या लेखी ते अजून ऑफिसात आहेत आणि सुटी झालेली आहे. दुसरं, बारा वाजता जेवल्यावर रात्री साडेआठपर्यंत पोटात चहा सोडून काही नाही. तिसरं, डिसेंबरअखेर ग्वाल्हेरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि जुन्या घराच्या खालच्या खोल्यांत त्याच्या आधीच अर्धा तास अंधार दाटतो. सावल्या, आरसा, खिडकीच्या काचेतलं प्रतिबिंब, सगळं एकदम जिवंत होतं. चौथं, कुणी निघालेलं दिसलं की नाना निघतात. आणि बुधवारी घरात जे नव्हतं, त्यातच बरंचसं उत्तर होतं.

संध्याकाळ नव्यानं मांडली

सव्वाचारला, उजेड असतानाच, खोलीतले दोन्ही ट्यूबलाइट आणि चौकातला दिवा लावायचे. अंधार पडल्यावर लावून उपयोग नाही, तोवर भीती बसलेली असते. पडदे ओढायचे. कपाटाच्या आरशावर जुनी साडी. चार ते सात टीव्ही बंद. गुन्ह्यांच्या बातम्यांतला आरडाओरडा नानांना घरातलाच वाटतो. कुकर तीनच्या आत. चार वाजता पोटभर खाणं: शिरा, उपमा, तूप-मेतकूट-भात, मधुमेह सांभाळून. चहा दुपारपर्यंत दोन, चारनंतर अर्धा कप, दुधाचा. मदतनीस जाताना पिशवी आधीच बाहेर नेऊन ठेवतो आणि 'पानी लाता हूँ' म्हणून मागच्या दारानं निघतो. तोवर मुलगा नानांशेजारी येऊन बसलेला असतो.

हाताला काम देण्याचा प्रयत्न आधी फसला होता. सुनेनं नातीचं चित्र रंगवायचं पुस्तक दिलं, नानांनी ते फेकलं. आयुष्यभर सरकारी हिशोब तपासलेल्या माणसाला रंगकांड्या द्यायच्या म्हणजे अपमानच. मग मुलानं लांब रजिस्टर आणून बेरजा घातल्या. बेरीज जमेना तसा संताप वाढला. तिसऱ्यांदा साधलं ते असं. रजिस्टरात विजेच्या जुन्या बिलांच्या तारखा आणि रकमा आधीच मोठ्या अक्षरात लिहिलेल्या. नानांनी बिल हातात घ्यायचं, रक्कम जुळते का बघायचं, लाल पेन्सिलनं टिक करायची, तारखेचा रबरी शिक्का मारायचा. यात चुकण्यासारखं काही नाही आणि खोटंही काही नाही. साडेचारला बसतात, वीस-पंचवीस मिनिटं रमतात. टिक करताना चष्मा नाकावर खाली येतो, ओठ हलतात, आणि शिक्का मारला की त्यावर क्षणभर बोट ठेवून शाई वाळली का ते बघतात. शेवटी मुलगा विचारतो, "नाना, आजचं काम झालं?" झालं म्हणाले की रजिस्टर बंद, आणि दोघं चौकात चार फेऱ्या मारून आत येतात. ऑफिस सुटलं, घरी पोचलो, एवढं त्यांना त्यातून मिळतं.

तरीही 'चला, उशीर झाला' येतंच. आईंना आधी वाटायचं, खरं सांगितलं पाहिजे. पण एकोणीस वर्षांचा हिशोब सांगून नानांना पटत नाही. आपल्याला अडवलं एवढंच पोचतं. आता आई म्हणतात, "हो, निघायचंच. घरी कोण कोण वाट बघतंय?" मग नाना आपल्या आईचं, विहिरीचं काहीतरी सांगू लागतात आणि पाय दाराकडून वळतात. 'तुमची आई तर कधीच गेली' हे तेव्हा सांगायचं नाही. त्यांना ती बातमी दर वेळी नव्यानं कळते.

मदतनीस 'बाबूजी' म्हणे तेव्हा नाना मान वळवत नसत. ऑफिसातल्यासारखं आडनाव घेऊन 'साहब' म्हटल्यावर लगेच बघू लागले. मराठी आदेश मात्र त्याला देवनागरीत लिहून दिले: बसा, हळू, पाय उचला, झालं आता. आजार वाढतो तसं नंतर शिकलेल्या भाषेतलं आधी सुटतं.

दाराची कडी नानांच्या डोळ्यांसमोर लावली की भांडण होई. वरच्या बाजूला, नजरेबाहेर दुसरी कडी बसवली आणि दारावर भिंतीच्या रंगाचा पडदा. घरातल्या प्रत्येकाला ती अंधारात उघडता येते का हे करून पाहिलं, कारण आग लागली तर तोच रस्ता आहे. नानांच्या बंडीच्या आतल्या खिशात नाव आणि दोन फोन नंबर शिवलेले. कोपऱ्यावरचा किराणावाला आणि रिक्षास्टँडवरच्या लोकांना फोटो दाखवून ठेवला. नाहीसे झालेच तर घर आणि गल्ली पंधरा मिनिटं पाहून थेट ११२. चोवीस तास थांबावं लागतं ही समजूत चुकीची आहे. शोधायला आधी झाशी रोडकडे, त्यांच्या जुन्या ऑफिसच्या वाटेवर.

आंघोळ

सकाळी साडेसातला, पारा पाच-सहा अंशांवर असताना, मदतनीस मागून डोक्यावर तांब्या ओतत होता. एवढं वाचूनच बरंच कळतं. पण कागदावरच्या नोंदींत चापट नेहमी एकाच क्षणी येत होती: पाणी पडायच्या आधी, बनियन डोक्यावरून ओढताना. जवळून पाहिल्यावर कळलं की बनियनबरोबर जानवं वर ओढलं जात होतं, कानात अडकत होतं, एकदा निघूनही आलं होतं. बनियन बंद करून पुढून बंदांची बंडी आणली. आता जानव्याला कुणाचा हात लागत नाही, आणि आंघोळ सुरू व्हायच्या आधीची चापट थांबली.

बाकीचे बदल: वेळ दुपारी पाऊण, चौकात ऊन असताना. पाणी कोपरानं पाहून, अडतीस-चाळीस अंश. पाठ असलेलं प्लास्टिकचं स्टूल, खाली रबरी चटई. खांद्यावर पंचा कायम. पाणी पायांपासून वर, डोकं सगळ्यात शेवटी किंवा वेगळ्या दिवशी. तांब्या नानांच्याच हातात. पूर्ण आंघोळ आठवड्यातून दोन-तीनदा, बाकी दिवशी गरम पंच्यानं अंग पुसणं. आणि बोलावणं 'आंघोळीला चला' असं नको. मदतनीस धुतलेलं ताम्हन आणि धोतर दाखवून 'पूजा' एवढंच म्हणतो. पूजेआधी स्नान, हा क्रम नानांच्या अंगातच आहे.

थंडीमुळे बाथरूम आधी दहा मिनिटं तापवावं लागतं. हीटर कोरड्या भागात, नाना आत यायच्या आधी बंद करून बाहेर. इमर्शन रॉडची बादली तर त्यांच्या नजरेसही पडायला नको. प्लग काढून रॉड बाहेर ठेवल्यावरच ती बादली आत. कोळशाची अंगीठी बंद बाथरूममध्ये किंवा खोलीत कधीही नाही, आणि हवा जायला वाट नसेल तर गॅस गिझरही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्यानं येणारा गोंधळ, गुंगी आणि डोकेदुखी डिमेन्शियाच्या माणसात कुणाच्या लक्षातही येत नाही.

गुडघे

नानांना 'दुखतंय का' विचारलं तर 'नाही' म्हणतात. म्हणून विचारण्याऐवजी पाहिलं. श्वास, तोंडातून निघणारा आवाज, चेहरा, अंगाची ठेवण आणि समजावल्यावर शांत होणं या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण देणारी पेनॅड नावाची पद्धत आहे. बसलेले असताना नानांचा गुण १, खुर्चीतून उठताना ५. पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम सकाळी आठ, दुपारी बारा आणि चारला. दुखल्यावर द्यायचं नाही, ठरल्या वेळी द्यायचं, कारण नाना मागणार नाहीत. बाराची गोळी आंघोळीच्या आधी लागू पडते, चारची संध्याकाळी फेऱ्यांच्या वेळी. नॉर्वेतल्या वृद्धाश्रमांत डिमेन्शियाच्या ३५२ जणांवर केलेला अभ्यास २०११मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पायरीपायरीनं दिलेल्या वेदनाशामकांमुळे, आणि बहुतेकांना फक्त पॅरासिटामॉलच मिळालं होतं, आठ आठवड्यांत बिथरलेपणा सरासरी १७ टक्क्यांनी उतरला. दिवसाला एकूण तीन ग्रॅमच्या वर जायचं नाही, आणि सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं हे धरूनच मोजायचं.

भडका उडालाच तर

एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी खोलीबाहेर. घरातले चौघं एकदम समजूत घालू लागले की नानांना तो घेराव वाटतो. समोर उभं राहायचं नाही, दारात तर नाहीच. थोडं बाजूला, दीड हाताच्या अंतरावर, तळवे दिसतील असे. आवाज खाली, वाक्य तीन-चार शब्दांचं, आणि मग मनात पंधरापर्यंत मोजेतो थांबायचं. त्यांना वाक्य पोचायला तेवढा वेळ लागतो. आपण आधीच दुसरं वाक्य टाकतो आणि पहिलंही वाया जातं. मनगट धरायचं नाही. काठी उचलली तर मागे सरकायचं. काठी हिसकावताना दोघंही पडतात. मग गरम काहीतरी हातात द्यायचं. पंधरा-वीस मिनिटांत ओसरतं.

हे सगळं सोडून लगेच दवाखाना गाठायचा तो यांपैकी काही दिसलं तर: एकाएकी गुंगी, ताप, डोक्यावर पडणं, आठ-दहा तास लघवी नाही आणि पोट ताठ, एका बाजूची कमजोरी किंवा जीभ जड, दिवसभर घोटही न घेणं.

शांत करणाऱ्या औषधाचं काय झालं

मुलानं मागितलेलं औषध नाकारलं नव्हतं, राखून ठेवलं होतं. अशा वेळी दिल्या जाणाऱ्या अँटिसायकोटिक औषधांमुळे डिमेन्शियाच्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो. अमेरिकेच्या औषध नियामकानं २००५मध्ये दिलेल्या इशाऱ्यात, साधारण दहा आठवड्यांच्या चाचण्यांत मृत्यूचं प्रमाण औषध घेणाऱ्यांत ४.५ टक्के आणि न घेणाऱ्यांत २.६ टक्के असल्याचं नमूद आहे. पक्षाघात, पडणं आणि घास अडकणं हे धोके वेगळेच. लुई बॉडी प्रकारचा डिमेन्शिया किंवा पार्किन्सन असेल तर हॅलोपेरिडॉलसारख्या औषधानं माणूस लाकडासारखा ताठरू शकतो.

म्हणून कागदावर अट लिहिली: वर सांगितलेलं सगळं दोन आठवडे नीट करूनही कुणाला इजा होत असेल, किंवा नाना स्वतः भीतीनं तळमळत असतील, तर याच गटातलं रिस्पेरिडोन ०.२५ मिलिग्रॅमपासून. चार आठवड्यांत फरक नाही तर उतरवून बंद. फरक पडला तरी चार महिन्यांच्या आत कमी करून पाहणं. 'एकदा सुरू केलं, आता चालू दे' हे चालणार नाही, हे मुलाच्या सहीसकट. गोळी द्यावी लागली नाही. दुसऱ्या घरी लागू शकते, आणि तेव्हा ती देणाऱ्या कुटुंबानं अपराधी वाटून घेऊ नये.

जानेवारी

दाराशी होणारी ओढाताण आठवड्याला सहा-सातवरून एक-दोनवर आली. मग संक्रांतीचं हळदीकुंकू झालं: खाली पंचवीसेक बायका, मुलं, हसणं, भांडी, ये-जा. नानांनी साडेपाचला एका पाहुणीचा हात धरून तिला बाहेर काढायला सुरुवात केली आणि पुढचे तीन दिवस परत जुनं सगळं. हळदीकुंकू बंद करायचं कारण नाही. पुढच्या समारंभाला मुलगा नानांना रजिस्टरसकट वरच्या मजल्यावर बसवतो, आणि पाहुण्या तिघी-तिघी करून येतात.

आईंकडे सगळ्यांनी फार उशिरा पाहिलं. त्यांचं वजन दोन महिन्यांत चार किलो उतरलं होतं, रक्तदाब १६८ वर, आणि नाना उठतील म्हणून त्या रात्री कूस बदलायलाही घाबरत होत्या. मंगळवार-शुक्रवार रात्री मुलगा खाली झोपतो आणि आई वर. रविवारी दुपारचे तीन तास त्यांचे, भजनाला जावं किंवा नुसतं पडावं. काठी लागलेल्या हाताबद्दल त्या कुणाशी बोलल्या नव्हत्या. नवऱ्यानं मारलं हे सांगायची लाज वाटत होती. त्यांना आजार समजावून सांगायला एक संपूर्ण भेट दिली, नाना सोबत नसताना. रात्री-अपरात्री कुणाशी तरी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ वर आहे, तो नंबर त्यांच्या फोनमध्ये घालून दिला.

सहाव्या आठवड्यात काय उरलं होतं: आठवड्यात एखादी आंघोळ अजूनही टळते, आणि पहाटे चारला नाना उठतातच. खाटेपासून कमोडपर्यंत जमिनीलगत मंद दिवे लावले आहेत आणि वाटेतला पायपुसणा काढला आहे. फेब्रुवारीअखेर दिवस मोठा होईल तसे दिवे लावायच्या वेळा बदलायच्या. तेव्हाच बी-१२ पुन्हा तपासायचं, मूत्राशयाची सोनोग्राफी करायची, आणि थंडी ओसरल्यावर बाराची पॅरासिटामॉल दोन आठवडे वगळून पाहायची. कागद खिळ्यालाच राहू द्यायचा. चांगले दिवस चालू असताना आठवड्यातून एक नोंद पुरे, सलग दोन वाईट दिवस गेले की पुन्हा रोज. आणि तिसऱ्या वाईट दिवसाच्या आत पोट, लघवी आणि औषधांची पिशवी परत एकदा बघायची.